घरचे सुतारकाम : अडणारे दार, वाकलेली फळी आणि पडलेला फणस

श्रावणाच्या अंकासाठी आलेल्या पत्रांत लाकडाविषयीचे प्रश्न अधिक असावेत, हे स्वाभाविक आहे. वर्षभर मुकाट्याने नांदणारी दारे, खिडक्या आणि कपाटे याच दिवसांत कुरकुर करू लागतात. प्रश्न निरनिराळे दिसले तरी त्यांपैकी बहुतेकांच्या मुळाशी ओलावा आहे. लाकूड हवेतला ओलावा घेते आणि सोडते, व तसे करताना रुंदीच्या दिशेने फुगते किंवा आकसते. हे लक्षात न घेता केलेली दुरुस्ती पुढच्या ऋतूत उलटते, म्हणून दुरुस्ती कशी करावी याबरोबर ती कधी करावी, हेही उत्तरांत सांगितले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आमच्या घराचे पुढचे दार जोडफळ्यांचे, सागवानी आहे. दर जुलैत ते चौकटीत अडते आणि दर वर्षी सुतार येऊन कडेवर रंधा मारून जातो. आता मार्च-एप्रिलमध्ये दार आणि चौकट यांच्यामध्ये करंगळी जाईल एवढी फट दिसते, तरीही पावसाळा आला की दार अडतेच. असे का व्हावे? हे काम घरच्या घरी करता येईल का?
— एक वाचक, पेण

उत्तर : आपल्या सुताराने केलेले काम चुकीच्या वेळी झाले आणि अर्धवट सोडले गेले, असे आपल्या वर्णनावरून दिसते. कोकणपट्टीत भर पावसाळ्यात हवेची आर्द्रता कित्येक दिवस ८५ टक्क्यांच्या आसपास राहते, आणि अशा हवेत मुरलेल्या लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या सतरा-अठरा टक्क्यांपर्यंत चढतो. कोरड्या महिन्यांत तोच दहा-अकरा टक्क्यांवर उतरतो. एवढ्या फरकाने एक फूट रुंदीची सागाची फळी साधारण चार मिलिमीटर, म्हणजे सव्वा सूत, रुंदावते. साग हे या बाबतीत शहाणे लाकूड समजले जाते. इतर अनेक लाकडे याहून अधिक हलतात. तीन फुटांच्या जोडफळ्यांच्या दारात हा फरक एकत्र होतो, आणि चौकटीतली मोकळीक संपते. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळजवळ हलत नाही.

या शेवटच्या वाक्यातच निदानाची किल्ली आहे. दार कुलपाच्या बाजूच्या उभ्या कडेला वरपासून खालपर्यंत सारखे घासत असेल, तर ते फुगले आहे. ते केवळ कुलपाच्या बाजूच्या वरच्या किंवा खालच्या कोपऱ्यात अडत असेल, तर दोष बहुधा बिजागरीत आहे आणि रंध्याला हात लावण्याचे कारण नाही. अशा वेळी दार अर्धे उघडून मुठीने वर उचलून पाहावे. वरची बिजागरी हलली, तर तिचे स्क्रू काढून भोकांत बांबूची बारीक कामटी फेव्हिकॉल लावून ठोकावी, ती वाळल्यावर चौकटीच्या सपाटीला कापावी आणि पूर्वीपेक्षा अर्धा इंच लांब स्क्रू बसवावा. आगपेटीच्या काड्या भरण्याची पद्धत सर्वत्र दिसते. ती चालते, पण काडीचे लाकूड मऊ असल्याने जड दाराखाली फार काळ टिकत नाही.

आपले दार खरोखरच फुगले असेल, तर आत्ता करावयाचे काम एवढेच, की कागदाची पट्टी दार आणि चौकट यांच्यामध्ये सरकवत जावे आणि ती जिथे अडेल तिथे दारावर पेन्सिलीने खूण करावी. घासणाऱ्या जागेवर मेणबत्ती घासली, की दार तात्पुरते सुरळीत चालते. लाकूड सर्वांत फुगलेले असताना केलेली ही खूण हेच खरे माप आहे. रंधा मात्र दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, त्या खुणांपुरताच मारावा. पावसाळ्यात रंधा मारून सोडून दिलेली कड उघडी राहते, आणि उघडे लाकूड पॉलिश असलेल्या लाकडापेक्षा कितीतरी वेगाने ओलावा ओढते. दर वर्षी दार पुन्हा अडण्याचे आणि फट वाढत जाण्याचे कारण हे आहे.

दार उतरवणे हे दोघांचे काम आहे. एकट्याने करू नये. दार आडवे, लांब कडेवर उभे करून भिंतीशी टेकवावे आणि रंध्याची धार अगदी थोडी बाहेर ठेवून, तंतूंच्या चढत्या दिशेने, लांब सलग हात मारावेत. रंध्याखालून कागदासारखी पातळ, अखंड साल निघू लागली, की धार आणि दिशा दोन्ही बरोबर आहेत असे समजावे. भुसा किंवा तुटके कपचे निघू लागले, तर दिशा बदलून पाहावी. वरच्या व खालच्या टोकांना मात्र एका बाजूकडून दुसऱ्या बाजूपर्यंत रंधा नेऊ नये, कारण तिथे फळ्यांचे तंतू आडवे कापले जातात आणि शेवटच्या टोकाला ढलपा उडतो. दोन्ही कोपऱ्यांकडून मध्याकडे यावे. काम झाल्यावर दोन्ही बाजूंस पाऊण-पाऊण सूत मोकळीक पुरे.

यानंतर जे करावयाचे, ते बहुतेक सुतार करीत नाहीत. दाराची वरची आणि खालची टोके, म्हणजे जिथून लाकूड सर्वांत जास्त पाणी पिते आणि जी उभ्या माणसाच्या नजरेस कधी पडत नाहीत, त्यांना पॉलिशचे किंवा तेलरंगाचे किमान दोन हात द्यावेत. जुने दार असेल तर खालच्या टोकाला बहुधा कोरे, काळपट पडलेले लाकूड दिसेल. दार पुन्हा चढवण्यापूर्वी सहाही बाजू बंद झाल्या पाहिजेत. त्याने फुगणे थांबत नाही, पण त्याचा वेग इतका मंदावतो की कोकणातल्या पावसाळ्याचे चार महिने दार बहुधा निभावून नेते. फट आधीच करंगळीएवढी झाली असल्यामुळे आपल्याला बिजागरीच्या बाजूच्या कडेवर सागाची पातळ पट्टी चिकटवून हरवलेली रुंदी भरून काढावी लागेल. पट्टी बिजागरीच्या बाजूस लावली, तर कुलूप आणि कडी-कोयंड्याच्या जागा बदलाव्या लागत नाहीत.

प्रश्न : दिवाळी अंकांच्या संग्रहासाठी चार फूट लांबीच्या तयार फळ्यांचे कपाट घेतले होते. दोन वर्षांत सगळ्या फळ्यांना मध्ये बाक आला. फळ्या १८ मिलिमीटर जाडीच्या आहेत. आणखी जाड फळ्या घ्याव्यात का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जाडीपेक्षा लांबी हा इथला गुन्हेगार आहे. फळीवर सारखे पसरलेले वजन असताना तिचा बाक लांबीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे चार फुटांच्या फळीला तीन फुटांवर आधार मिळाला, तर बाक एक तृतीयांशाच्याही खाली येतो, आणि अडीच फुटांवर मिळाला तर साधारण सहाव्या-सातव्या हिश्शावर. याउलट, तीच चार फुटांची फळी १८ ऐवजी २५ मिलिमीटरची केली, तर बाक पूर्वीच्या साधारण ३७ टक्के उरतो आणि खर्च मात्र बराच वाढतो. साध्या पुस्तकांच्या रांगेचे वजन फुटाला आठ-दहा किलो सहज भरते. गुळगुळीत, जाड कागदाचे दिवाळी अंक त्याहून जड असतात. आपल्याकडे वजनकाटा असेल, तर एक फूट रांग तोलून पाहावी. आपण त्या फळीवर एका प्रौढ माणसाला कायमचे झोपवून ठेवले आहे, हे तेव्हा ध्यानात येईल.

आपल्या फळ्या तयार कपाटाच्या असल्यामुळे त्या बहुधा पार्टिकल बोर्डच्या, म्हणजे लाकडाचा भुसा व कपचे चिकवून दाबलेल्या असतील. हा माल सतत वजन राहिले, की हळूहळू वाकतच जातो, आणि वजन काढल्यावर पूर्ण सरळ होत नाही. फळी उलटी करून ठेवणे हा काही महिन्यांचा उपाय आहे.

टिकाऊ उपाय स्वस्त आहे. प्रत्येक फळीच्या पुढच्या कडेला, तिच्या पूर्ण लांबीची, साधारण दोन इंच उंच आणि पाऊण इंच जाड अशी सागाची किंवा दुसऱ्या कोणत्याही सरळ तंतूंच्या भरीव लाकडाची पट्टी उभी लावावी. पट्टी आडवी चिकटवली तर तिचा फारसा उपयोग नाही. ताकद उंचीत असते. अशी उभी पट्टी एकटीच आपल्या पार्टिकल बोर्डाच्या फळीपेक्षा कित्येक पट ताठ असते. फळी आधी उलटी करून, बाक वर येईल अशी ठेवावी, पट्टीला आणि फळीच्या कडेला फेव्हिकॉल लावून दर फुटावर क्लँप कसावा आणि रात्रभर तसेच राहू द्यावे. क्लँप काढल्यावर आठ-आठ इंचांवर स्क्रू द्यावेत, पण आधी बारीक भोक पाडूनच; पार्टिकल बोर्डात थेट स्क्रू घुसवला, की कड फुटते. पट्टीची टोके कपाटाच्या बाजूंवर टेकतील अशी छोटी ठोकळी दोन्हीकडे बसवावी, नाहीतर सगळे वजन पुन्हा फळीखालच्या जुन्या आधाराच्या पिनांवर येईल.

नवीन कपाट करवून घेत असाल, तर मधले अंतर अडीच फुटांच्या पुढे जाऊ देऊ नये आणि प्लायवुडच्या वरच्या थराचे तंतू फळीच्या लांबीला धरून असावेत. दुकानदार तावातून अधिक फळ्या काढण्यासाठी ते आडवे कापून देतात. हे घेताना पाहावे.

प्रश्न : नव्या फ्लॅटमध्ये भिंतीला फळी लावली. गट्ट्या (स्क्रू धरण्यासाठी भिंतीच्या भोकात ठोकायच्या नळ्या) ठोकून स्क्रू घट्ट बसवले होते, पण आठवड्यात सगळे गट्ट्यांसकट खाली आले. जुन्या घरी असे कधी झाले नाही.
— एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : जुन्या घराच्या भिंती विटांच्या असाव्यात, आणि नव्या बहुधा हलक्या एएसी ब्लॉकच्या आहेत, ज्यांना बाजारात सरसकट सिपोरेक्स म्हणतात. ड्रिल चालवताना पडणाऱ्या भुकटीकडे पाहिले तर भिंतीची ओळख पटते: लाल भुकटी विटेची, करडी भुकटी आणि कष्टाने आत जाणारा बिट काँक्रीटचा, पांढरट मऊ भुकटी आणि लोण्यात शिरल्यासारखा बिट ब्लॉकचा. सुरुवातीची पाऊण इंच भुकटी मात्र गिलाव्याची असते. तिच्यावरून निष्कर्ष काढू नये, आणि गिलाव्यात अडकलेल्या गट्टीवर विसंबूनही राहू नये.

ब्लॉकच्या भिंतीत ड्रिलचा हातोडीसारखा ठोका देणारा प्रकार बंद ठेवावा, कारण त्याने भोकाच्या कडा आतून चुरतात. साध्या छोट्या गट्टीऐवजी लांब, फुलणारी नायलॉनची गट्टी वापरावी आणि तिच्या वेष्टनावर लिहिलेल्या मापाचाच बिट घ्यावा. फळीच्या आधाराचा ब्रॅकेट निवडताना त्याची भिंतीला टेकणारी उभी भुजा लांब असेल असे पाहावे; ती जितकी लांब, तितका वरच्या स्क्रूवरचा बाहेर ओढणारा जोर कमी. जड वस्तू, म्हणजे स्वयंपाकघरातली वरची कपाटे वगैरे, शक्यतो काँक्रीटच्या खांबात किंवा तुळईत अडकवाव्यात, आणि ते जमत नसेल तर भिंतीवर आधी एक लांब लाकडी पट्टी अनेक गट्ट्यांनी बसवून वजन तिच्यावर वाटून द्यावे. स्विचबोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली भोक पाडू नये. तारा बहुधा तिथूनच गेलेल्या असतात.

प्रश्न : सिंकखालच्या कपाटासाठी वॉटरप्रूफ म्हणून घेतलेला प्लाय वर्षभरात फुगून सुटला. वॉटरप्रूफ प्लाय म्हणजे नेमका कोणता?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दुकानात ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. तावावरचा शिक्का वाचावा. आयएस ३०३ या मानकाखालचा एमआर प्रतीचा प्लाय दमट हवा सोसतो, साचलेले पाणी नाही. तो शयनगृहातल्या कपाटाला पुरेसा आहे. सिंकखाली आयएस ७१० चा, ज्याला मरीन म्हणतात तो घ्यावा; त्याच्या चाचणीत नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवला जातो. शंका असेल तर दुकानातून हातभर तुकडा मागून घेऊन घरी दिवसभर उकळत ठेवावा. थर सुटले, तर शिक्क्यावर विश्वास ठेवू नये. चांगला प्लायही कापलेल्या कडेतून पाणी पितो, म्हणून लॅमिनेट लावण्यापूर्वी, विशेषतः जमिनीला टेकणाऱ्या कडांना, तेलरंग किंवा इपॉक्सीचा हात द्यावा. आणि गळणारा पाइप आधी दुरुस्त करावा. त्याची भरपाई कोणताही प्लाय करीत नाही.

प्रश्न : मागच्या वादळात आमच्या परसातला जुना फणस पडला. खोड सरळ आणि दोन फुटांहून जाड आहे. त्याच्या फळ्या काढून स्वतः टेबल करावे अशी इच्छा आहे. ओले लाकूड कसे वाळवावे?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : आपल्याला हेवा वाटावा अशी वस्तू लाभली आहे. कोकणात खांब, तुळया आणि दारे यांसाठी फणस पूर्वीपासून वापरला गेला. त्याचे ताजे पिवळे लाकूड उजेडात राहून हळूहळू तपकिरी होत जाते आणि त्यावर कोणताही कृत्रिम रंग चढवणे म्हणजे त्याचा अपमान आहे. तथापि करवतीला हात लावण्यापूर्वी कायदा पाहावा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन अधिनियमाच्या अनुसूचीत फणसाचा समावेश आहे, म्हणून झाड वाऱ्याने पडले असले तरी ते गिरणीत नेण्यापूर्वी जवळच्या वनक्षेत्रपाल कार्यालयात अर्ज देऊन वाहतुकीविषयी विचारून घ्यावे. पडलेल्या झाडाचे फोटो, मागची मुळे दिसतील असे, आजच काढून ठेवावेत.

मग मात्र उशीर करू नये. खोड जमिनीवर पडून राहिले, की सालीजवळच्या फिकट लाकडात किडा शिरतो आणि टोकांना तडे जाऊ लागतात. परवानगी येईपर्यंत खोड दोन ओंडक्यांवर उचलून सावलीत ठेवावे आणि दोन्ही कापलेल्या टोकांना जाडसर तेलरंग किंवा वितळलेले मेण फासावे. लाकूड टोकांतून सर्वांत वेगाने वाळते, बाकीचे अंग मागे राहते, आणि या ओढाताणीतून तडे जातात. टोके बंद केली, की वाळणे सर्व अंगाने होते.

गिरणीत फळ्या सव्वा इंच जाडीच्या पाडून घ्याव्यात. वाळून आणि रंधून त्या एक इंच उरतात. खोडाच्या अगदी मधोमध असलेला बारीक गाभा कोणत्याही फळीत येऊ देऊ नये, कारण त्या फळीला आज ना उद्या मधोमध चीर जाणारच. टेबलाच्या पायांसाठी तीन-तीन इंचांचे चौरस तुकडे आताच काढून ठेवावेत, पण ते फळ्यांच्या कितीतरी मागून वाळतील हे धरून चालावे.

वाळवण्याची मांडणी ही या सगळ्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, आणि तीच बहुतेक जण घाईत करतात. पडवी किंवा गोठ्याची मोकळी, वारा खेळणारी, पण ऊन-पाऊस न लागणारी बाजू निवडावी. जमिनीपासून फूटभर उंच, एकाच पातळीत राहतील असे लाकडी किंवा चिऱ्याचे आधार घालावेत आणि पाणसळ लावून तपासावेत. पायाच वाकडा असेल, तर प्रत्येक फळी त्याच वाकडेपणात वाळेल. त्यावर फळ्यांचा एक थर, मग पाऊण इंच जाडीच्या कोरड्या लाकडाच्या पट्ट्या आडव्या, दीड-दीड फुटावर, मग पुन्हा फळ्या, अशी चळत रचावी. पट्ट्या एकीवर एक, अगदी ओळंब्यात आल्या पाहिजेत. पट्टी फूटभर सरकली, तर तिथे फळी कमानीसारखी वळते. शेवटच्या पट्ट्या टोकांच्या जितक्या जवळ, तितके चांगले. सर्वांत वर जुने चिरे किंवा दगड ठेवून वजन द्यावे.

किती दिवस? जाडीच्या दर इंचाला सुमारे एक वर्ष, असा सर्वसाधारण आडाखा आहे. परंतु आडाख्यापेक्षा तराजू बरा. चळतीतल्या एका लहान फळीचे वजन करून तिच्यावरच तारखेसह लिहावे आणि दर पंधरवड्याला ते पुन्हा करावे. आधी वजन झपाट्याने उतरेल, मग सावकाश, आणि एक वेळ अशी येईल की लागोपाठ दोन-तीन वजने सारखीच भरतील. पावसाळ्यात ते थोडे वाढेलही. त्याने घाबरू नये. पुढच्या एप्रिल-मेमध्ये वजन स्थिरावले, तर फळ्या ज्या खोलीत टेबल राहणार आहे त्या खोलीत आणून तीन-चार आठवडे तशाच पट्ट्यांवर ठेवाव्यात आणि मगच काम सुरू करावे. तोवर उरलेल्या तुकड्यांचे पाट करून हात बसवावा. टेबलाच्या वरच्या फळ्या खालच्या चौकटीला चिकटवू नयेत किंवा घट्ट खिळवू नयेत. स्क्रूची भोके चौकटीच्या आडव्या पट्ट्यांत लांबट, खाचेसारखी ठेवावीत, म्हणजे पावसाळ्यात फळीला रुंदावता येते.

एक सूचना स्वतंत्रपणे द्यावीशी वाटते. टेबलाला जवसाचे तेल लावणार असाल, तर तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. हे तेल वाळताना उष्णता निर्माण करते आणि गोळा केलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. चिंध्या दोरीवर पसरून कडक होईपर्यंत वाळवाव्यात किंवा पाण्यात बुडवून टाकाव्यात.

प्रश्न : आजोबांनी सांगलीत करवून घेतलेला सागवानी देव्हारा आम्ही इकडे आणला. पहिल्याच हिवाळ्यात मागच्या फळीला वरपासून खालपर्यंत चीर गेली. घरात पाणी कुठेही लागत नाही. कारण काय असावे?
— एक वाचक, टोरोंटो, कॅनडा

उत्तर : पाणी लागल्यामुळे नव्हे, तर ते न मिळाल्यामुळे ही चीर गेली आहे. बाहेरची अतिशय थंड हवा घरात आणून तापवली, की तिची आर्द्रता पार उतरते. हीटर चालू असलेल्या घरात ती वीस-पंचवीस टक्क्यांवर येणे नवलाचे नाही. सांगलीच्या हवेला सवयीची फळी तिथे आकसू लागते. आकसण्यास हरकत नव्हती, पण ती चारी बाजूंनी चौकटीत चिकवलेली किंवा खिळवलेली असावी, त्यामुळे तिला जागा उरली नाही आणि ती सर्वांत अशक्त रेषेवर फाटली. जुन्या वाड्यांचे दिलेदार दरवाजे पाहिले असतील तर आठवेल, की त्यांतल्या मधल्या फळ्या चौकटीच्या खाचेत नुसत्या सरकवलेल्या असतात, चिकटवलेल्या नसतात. हे कौशल्य सजावटीचे नसून हवामानाचे आहे.

देव्हाऱ्याची मागची फळी काढता येत असेल, तर ती काढून चिरेच्या दोन्ही कडा स्वच्छ कराव्यात, फेव्हिकॉलसारखा लाकडाचा गोंद लावून क्लँपमध्ये सौम्यपणे दाबावे आणि परत बसवताना खिळे फक्त वर आणि खाली, मधोमध, एकेकच द्यावेत, म्हणजे फळी मध्याला स्थिर राहून दोन्ही बाजूंस मोकळी राहील. फळी काढता येत नसेल, तर चीर लांबीने (पुट्टीने) भरून काढण्याची घाई हिवाळ्यात करू नये. उन्हाळ्यात ती आपोआप मिटत आली, तर त्यात भरलेला मसाला फळीला उलट दिशेने ढकलेल. त्या खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता चाळीस टक्क्यांच्या आसपास ठेवणे आणि देव्हारा गरम हवेच्या झरोक्यापासून दूर नेणे, एवढ्यानेही पुढची हानी टळते. समई मागच्या फळीपासून किती अंतरावर असते, तेही पाहावे.

प्रश्न : नव्या पलंगाखाली रोज पिठासारखी भुकटी पडते. वाळवी आहे का? पूर्ण घराला औषध मारावे लागेल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : वाळवी बहुधा मातीच्या बारीक नळ्या करून जमिनीतून येते आणि बाहेर भुकटी टाकत नाही. कोरड्या लाकडात राहणारी वाळवी खसखशीसारखे दाणेदार कण टाकते. बोटांत चोळल्यावर मैद्यासारखी लागणारी भुकटी आणि लाकडावर टाचणीच्या डोक्याएवढी गोल भोके, ही भुंगेऱ्याची खूण आहे. तो कठीण लाकडांच्या बाहेरच्या फिकट भागातील पिष्टावर जगतो आणि गाभ्याच्या पक्क्या लाकडाकडे फिरकत नाही. स्वस्त पलंगात हा फिकट भाग भरपूर वापरलेला असतो. संपूर्ण घराला औषध मारण्याची गरज नाही.

पलंगाखाली काळा कागद पसरून, सध्याची भोके पेन्सिलीने गोल करून महिनाभर पाहावे. नवी भुकटी किंवा खूण नसलेले नवे भोक दिसले, तर किडा जिवंत आहे. मादी अंडी घालते ती उघड्या लाकडाच्या छिद्रांत, पॉलिशमधून नव्हे, म्हणून पलंगाची उलटी, न दिसणारी आणि म्हणूनच कोरी सोडलेली बाजू हीच तिची वाट असते. ती बाजू काचकागदाने घासून उघडी करावी, एक लिटर गरम पाण्यात ६० ग्रॅम बोरॅक्स आणि ४० ग्रॅम बोरिक अॅसिड विरघळवून दोन-तीन वेळा ब्रशने भरपूर पाजावे, आठवडाभर वाळू द्यावे आणि मग त्यावर पॉलिश चढवून छिद्रे बंद करावीत. हातमोजे घालावेत, द्रावण मुलांच्या हाती लागू देऊ नये, आणि पोळपाट-लाटण्यासारख्या वस्तूंना हा उपाय कधीही करू नये.

प्रश्न : सुतारकाम शिकायला सुरुवात करायची आहे. हत्यारांचा तयार संच घ्यावा का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : घेऊ नये. पेटीतल्या निम्म्या वस्तूंना गंज चढेपर्यंत हात लागत नाही. एक टेप, एक गुण्या (काटकोन तपासण्याचे हत्यार), बारीक दात्यांची करवत, पाव इंची आणि पाऊण इंची अशा दोन पटाशा (लाकूड तासण्याच्या छिन्न्या), एक छोटा रंधा, ड्रिल आणि चार क्लँप एवढ्यावर दोन वर्षे निघतात. गुण्या दुकानातच तपासावा: सरळ कडेच्या फळीला टेकवून रेघ ओढावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढावी, दोन्ही रेघा एकीवर एक आल्या नाहीत, तर तो परत करावा. नव्या पटाशीला धार नसते, ती लावावी लागते. जाड काचेवर पाणी लावून बसवलेला ४००, मग १०००, मग २००० नंबरचा पेपर त्याला पुरतो. आधी पटाशीची सपाट पाठ टोकाजवळ आरशासारखी चमकेपर्यंत घासावी आणि मग तिरपी बाजू. पाठ न घासता तिरपी बाजू कितीही घासली, तरी धार येत नाही. लाकूड घासताना, विशेषतः एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) कापताना, एन९५ मुखपट्टी वापरावी. लाकडाच्या धुळीची नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून निश्चित कर्करोगकारक घटकांत केली आहे.

प्रश्न : जुन्या जेवणाच्या टेबलावर गरम भांड्याचा पांढरा डाग पडला आहे. संपूर्ण पॉलिश काढावे लागेल का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : आधी टेबलाच्या खालच्या बाजूस, जिथे पॉलिश आहे पण दिसत नाही तिथे, पॉलिशवाल्यांच्या स्पिरिटचा एक थेंब ठेवून मिनिटभराने बोट लावावे. चिकट लागले तर पॉलिश लाखेचे आहे, आणि काम सोपे आहे: सुती कापडाची पुरचुंडी स्पिरिटने जेमतेम ओलसर करून, पंख्याखाली न बसता, डागावरून न थांबता वरचेवर फिरवावी. डाग बहुधा पॉलिशच्या वरच्या थरात अडकलेला ओलावा असतो. स्पिरिटने तो थर क्षणभर सैल होऊन ओलावा निघून जातो. हात थांबला, तर कापड चिकटून तंतू उठतात. थेंब चिकटला नाही, तर टेबलाला मेलामाइन किंवा पीयू पॉलिश आहे आणि स्पिरिटचा उपयोग नाही. तिथे २००० नंबरच्या ओल्या पेपरने अगदी हलके घासून वर मेण लावावे, आणि तरीही डाग राहिला तर तेवढ्या टेबलफळीचेच पॉलिश पुन्हा करून घ्यावे, पाय व चौकट तशीच ठेवावी.